जंगलवाटेवर फुलपाखरं नेमकी कुठे दिसतात? आपापल्या जागा सांगा

पायवाट

उष्ण कटिबंधातल्या जंगलात पहिल्यांदा फुलपाखरं बघायला गेलेला माणूस बहुतेक वेळा हिरमुसून परततो. जगात फुलपाखरांच्या सुमारे १८ हजार जाती आहेत आणि त्यातल्या बहुतांश याच पट्ट्यात आहेत, हे त्याने वाचलेलं असतं. प्रत्यक्षात तीन-चार तासांच्या चालीत सात-आठ दिसतात, त्यातलीही निम्मी डोळ्यांसमोरून नुसती निघून गेलेली. माझंही सुरुवातीला असंच होत होतं.

मग मी पाच किलोमीटरची एकच वाट धरली. दोन वर्षं तिथेच वरचेवर जात राहिले आणि प्रत्येक नोंदीपुढे जागा लिहीत गेले. वही भरल्यावर नोंदी जागेप्रमाणे लावून पाहिल्या, तर निम्म्याहून जास्त नोंदी तीनच जागांवरच्या निघाल्या. वाट ओढा ओलांडते ती जागा, मोठं झाड कोसळून झालेली उघडीप, आणि टेकडीचा माथा. तिन्ही मिळून शंभर पावलंही भरणार नाहीत. उरलेल्या वाटेवर मी फक्त चालत होते.

याचं कारण उन्हात आहे. घनदाट जंगलात झाडांच्या छतातून जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के उजेड पोचतो. फुलपाखराचं शरीर स्वतःहून गरम राहत नाही, आणि उडण्याचे स्नायू नीट चालायला ते साधारण ३० अंशांच्या आसपास तापलेलं लागतं. त्यामुळे सकाळी जिथे उन्हाचा कवडसा पडतो तिथे ती पंख पसरून बसतात. कोसळलेल्या झाडाची उघडीप म्हणजे दिवसभर टिकणारा मोठा कवडसाच. शिवाय तिथे कोवळी पालवी असते, फुलणारी झुडपं असतात.

माथ्याचं गणित वेगळं आहे. अनेक जातींचे नर उंच जागा धरून माद्यांची वाट बघतात. फांदीच्या टोकावर बसलेला नर जवळून जाणाऱ्या प्रत्येकाच्या मागे धावतो आणि परत त्याच टोकावर येऊन बसतो. तो उडाला म्हणून पुढे जाऊ नका. दोन मिनिटं थांबा, हमखास परत येतो.

ओढ्याबद्दल सवडीने लिहिते, कारण ते मोठं प्रकरण आहे. तोवर तुमच्या जागा सांगा. मी आता चालते कमी आणि थांबते जास्त. तुमचा अनुभव काय?

नवखा

फार चांगला धागा, वाचनखूण साठवली. मी नुकतीच सुरुवात केली आहे, त्यामुळे दोन प्राथमिक प्रश्न. किती वाजता निघावं? आणि दुर्बीण घ्यावी की कॅमेरा? पक्षी बघायची दुर्बीण आहे, पण जवळचं फुलपाखरू तिच्यातून धूसर दिसतं.

ऊनसावली

@नवखा, पक्षी बघणाऱ्यांसारखं अंधारात निघायची गरज नाही. पण ऊन जमिनीला लागायच्या आधी जागेवर पोचलेलं बरं. पहिला कवडसा पडला की पहिली पाखरं येतात आणि तेव्हा ती सुस्त असतात. साडेआठ ते साडेअकरा हा माझा भरवशाचा वेळ. याहून चांगला वेळ एकच, पाऊस थांबून ऊन पडतं त्यानंतरचा पहिला अर्धा तास. पानांखाली दडलेली सगळी एकदम बाहेर येतात. तो अर्धा तास मी पाणी प्यायलासुद्धा थांबत नाही.

दुर्बिणीबाबत एकच आकडा बघायचा, सगळ्यात जवळचं किती अंतरावरचं स्पष्ट दिसतं तो. दोन मीटर किंवा त्याहून कमी असेल तर काम होतं. अर्ध्या मीटरपर्यंत जवळचं दाखवणाऱ्या छोट्या दुर्बिणीही मिळतात, त्यातून पंखावरचे खवले मोजावेसे वाटतात. कॅमेरा असेल तर पंखांच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढायची सवय आजच लावून घ्या. सगळे वरच्या रंगीत बाजूच्या मागे असतात, आणि ओळख बऱ्याचदा खालच्या बाजूवर ठरते.

पायवाट

आता ओढा.

ओल्या वाळूवर एकमेकांना खेटून बसलेली पन्नास-साठ फुलपाखरं ज्याने पाहिली, तो ती जागा विसरत नाही. याला चिखलपान म्हणतात. त्यांना पाण्यापेक्षा त्यात विरघळलेले क्षार हवे असतात, त्यातही मुख्यतः सोडियम. अळीपणी खाल्लेल्या पानांत सोडियम फार कमी असतं, ती तूट इथे भरून निघते. बसलेले बहुतेक सगळे नर असतात. मिलनाच्या वेळी शुक्राणूंबरोबर हे क्षार मादीला दिले जातात, आणि काही जातींत ते पुढे अंड्यांपर्यंत पोचल्याचं दिसून आलं आहे. म्हणजे तो जो तासभर चिखलात सोंड घालून बसतो, ते पुढच्या पिढीसाठी बसतो. हे कळल्यापासून मी ओढ्यावर पाऊल टाकताना जास्त जपते.

कॉमन ब्लूबॉटल हे फुलपाखरू पाणी पिताना जवळून बघायला मिळालं तर त्याच्या पोटाच्या टोकाकडे लक्ष ठेवा. थोड्या थोड्या वेळाने पाण्याचा थेंब मागून बाहेर टाकलेला दिसेल. क्षार ठेवून घ्यायचे आणि पाणी सोडून द्यायचं, असं चाललेलं असतं.

जवळ कसं जायचं? आपली सावली त्यांच्यावर पडणार नाही अशा बाजूने, खाली वाकून, आणि शेवटचे चार-पाच हात तर जवळजवळ सरपटत. आणि पहिलं बसलेलं पाखरू कधीच उडवू नका. वरून जाणारी पाखरं आधी बसलेल्यांना पाहून खाली उतरतात. एक उठलं की मेळा मोडतो. बसून राहिलात तर तीच तुमच्या अंगावर येतात, कारण घामातही मीठ असतं. म्हणूनच डासांचं मलम तळहातांना लावू नका.

सांजपाखरू

धागा छान आहे, पण साडेआठ ते साडेअकरा या वेळेशी मी सहमत नाही. सगळे साडेअकराला परत फिरतात आणि अर्धं जंगल न बघताच जातात.

कॉमन ईव्हनिंग ब्राऊन दिवसभर पालापाचोळ्यात पडून असतं आणि दिवेलागणीला उडायला लागतं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली आऊल बटरफ्लाय, मागच्या पंखावर घुबडासारखा मोठा डोळा असलेली, तीही पहाटे आणि सांजेला उडतात. उन्हातच फुलपाखरं हा समज या दोघांपुरता तरी सोडून द्या.

आणखी एक. अमेरिकी उष्ण कटिबंधातली हेलिकोनियस फुलपाखरं संध्याकाळी घोळक्याने एकाच डहाळीवर झोपायला येतात, रोज त्याच जागी. ती मकरंदाबरोबर परागकणही खातात. त्यातून प्रथिनं मिळत असल्यामुळे ती काही महिने जगतात, सर्वसाधारण फुलपाखरांसारखी दोन-चार आठवडे नव्हे. त्यांचा रोजचा फुलांचा फेराही ठरलेला असतो. ती डहाळी सापडली की एकेक पाखरू येऊन लटकताना बघत तिन्हीसांजेला उभं राहायचं. मी लागोपाठ तीन संध्याकाळी उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी फाटक्या पंखाचं एक पाखरू आलं नाही, तेव्हा मनाला लागलं. एरवी फुलपाखरू आपल्याला इतकं ओळखीचं कधी होतं?

ऊनसावली

@सांजपाखरू, मान्य. मी उघडिपीतल्या आणि ओढ्यावरच्या फुलपाखरांपुरतं बोलत होतो. सावलीतल्या तपकिरी मंडळींकडे माझं दुर्लक्ष झालं हे खरं. ती जमिनीलगत वीतभर उंचीवर तुटक तुटक उडतात आणि बसली की पानांत हरवतात.

ओलीमाती

उजेडाइतकाच वासही महत्त्वाचा आहे, त्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. जंगलातली कितीतरी देखणी फुलपाखरं फुलांकडे फिरकतच नाहीत. राजा आणि नवाब म्हणतात ती दणकट, वेगवान पाखरं सडलेली फळं, झाडाच्या जखमेतून झिरपणारा रस, जनावरांची विष्ठा, मेलेले खेकडे यांवर येतात. उंबराखाली पडलेल्या फळांचा आंबूस वास आला की मी तिथेच बैठक मारते. नवाब एकदा रस प्यायला लागला की एरवीचा तो लाजरेपणा विसरतो. हातभर अंतरावरून बघू देतो.

पिकून काळं पडलेलं केळं कुस्करून दोन दिवस आंबवायचं आणि वाटेकडेच्या खोडाला चोपडायचं, हा उपाय फार गुणकारी आहे. अभ्यासकही आंबवलेल्या फळांचे जाळीचे सापळे टांगतात. असाच एक सापळा जमिनीजवळ आणि एक झाडांच्या छताशी लावला तर दोन्हीत वेगवेगळ्या जाती येतात. म्हणजे आपण वाटेवरून जे बघतो तो जंगलाचा फक्त तळमजला आहे.

वेलबुट्टी

ओलीमाती, तुमच्या निरीक्षणांचा आदर आहे, पण केळं चोपडायला माझा विरोध आहे. संरक्षित जंगलात बाहेरचं काही नेऊन टाकणं बहुतेक ठिकाणी नियमातच बसत नाही. त्यावर मुंग्या येतात, माकडं येतात, आणि एकाचं बघून दुसरा प्लास्टिकच्या ताटलीत फळं मांडतो. अशी ताटली मी ओढ्याकाठी पडलेली पाहिली आहे. अभ्यासक परवानगी घेऊन करतात आणि सापळे काढूनही नेतात. हौशी माणसाला उंबर पुरेसं आहे.

ओलीमाती

पटलं. स्वतःच्या बागेत करायला हरकत नाही, जंगलात नको. वरचा परिच्छेद वाचून कुणी जंगलात केळं नेऊ नका, ही विनंती.

दुर्बीणवाली

ओळख पटवण्याबद्दल थोडं. या पट्ट्यात एक अडचण कायम येते, ती म्हणजे दिसतं ते तेच असेल असं नाही.

कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ ही विषारी फुलपाखरं. यांच्या अळ्या ईश्वरीच्या कुळातल्या वेलींवर वाढतात आणि वेलीतलं विष अंगात साठवतात. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही. कॉमन मॉर्मन विषारी नाही, पण तिच्या माद्या तीन रूपांत सापडतात. एक नरासारखी, एक कॉमन रोझसारखी, एक क्रिमझन रोझसारखी. हा सगळा रूपपालट डबलसेक्स या एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांमुळे होतो, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झालं. मुळात तो जनुक नर-मादी ठरवण्याच्या कामातला.

वाटेवर फरक करायचा तर पंख बघू नका, धड बघा. रोझचं धड लाल असतं, मॉर्मनचं काळं. नक्कल पंखांपुरतीच थांबलेली आहे. उडण्यातही फरक जाणवतो. रोझ निवांत, कुणाची भीती नसल्यासारखी उडते. मॉर्मन मादी तशीच उडत असते, पण दचकली की तिचं सोंग सुटतं आणि ती सरळ वेग घेते.

हे कोडं पहिल्यांदा सोडवणारा इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री वॉल्टर बेट्स १८४८ साली ॲमेझॉनच्या जंगलात गेला आणि ११ वर्षं तिथे राहिला. जाळं घेऊन तोच तो परिसर रोज फिरल्यामुळे त्याच्या लक्षात आलं की एका घोळक्यात दिसणारी फुलपाखरं प्रत्यक्षात वेगवेगळ्या कुळांतली आहेत. १८६२ साली त्याने कारण मांडलं, बेचव नसलेली जात बेचव जातीचं रूप घेते आणि वाचते. पुढे १८७० च्या दशकात फ्रिट्झ म्युलर या जर्मन निसर्गअभ्यासकाने दुसरी बाजू दाखवली. दोन बेचव जातीही एकमेकींसारख्या होतात, कारण मग पक्ष्यांना शिकवण्याचं नुकसान दोघींत वाटलं जातं. हेलिकोनियस त्याचं ठळक उदाहरण.

म्हणून वहीत घाईने नाव लिहू नका. धड दिसलं नसेल तर 'रोझ किंवा मॉर्मन मादी' असं लिहा. ती नोंद प्रामाणिक असते आणि पुढे उपयोगी पडते.

नवखा

हे सगळं वाचून एक विचारतो. निळं मॉर्फो उडताना बघण्याची फार इच्छा आहे. चित्रफितींमध्ये ते दिसतं-नाहीसं होतं, दिसतं-नाहीसं होतं. त्याच्यामागे नजर कशी ठेवायची?

सांजपाखरू

मॉर्फोच्या पंखात निळा रंग नावाचा पदार्थच नाही. खवल्यांवर अतिसूक्ष्म पन्हाळीसारखे थर आहेत, त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशात निळा तेवढा उजळून येतो. खालची बाजू मात्र तपकिरी, डोळ्यांसारखे ठिपके असलेली. पंख उघडले की निळा लखलखाट, मिटले की जंगलाचा रंग. पाठलाग करणाऱ्या पक्ष्यालाही नेम धरणं अवघड जातं.

त्यामुळे त्याच्या मागे पळू नका. नर बऱ्याचदा वाटेने किंवा ओढ्याच्या पात्राने सरळ गस्त घालत जातात. एकदा गेला तर तिथेच उभे राहा. थोड्या वेळाने तोच किंवा दुसरा त्याच रेषेवरून येतो. तुम्ही त्या रेषेच्या कडेला आधीच असायला हवं. आणि मॉर्फो बसलेलं शोधायचं असेल तर निळं शोधू नका, पडलेल्या फळांवर तपकिरी शोधा.

तिथेच खोडांवरही नजर ठेवा. क्रॅकर नावाची फुलपाखरं डोकं खाली करून, पंख खोडाला चिकटवून बसतात, सालीसारखीच दिसतात. उडताना त्यांच्या पंखांचा कडकड आवाज होतो. फुलपाखरू कानाने सापडण्याचा प्रसंग विरळाच.

वेलबुट्टी

माझी जागा वेलींची. मी उडणाऱ्यापेक्षा अंडी घालणाऱ्या मादीच्या मागे असते. ती ओळखायला सोपी. संथ उडते, एकेका पानावर टेकते, पुढच्या पायांनी पान चाचपते आणि पुढे जाते. चाचपून ती वनस्पतीची चव घेत असते. योग्य पान मिळालं की पोट वळवून एक अंडं ठेवते. ती गेल्यावर पान उलटून बघा, पण तोडू नका.

कृष्णकमळाच्या कुळातल्या काही वेलींनी यावरही तोड काढली आहे. हेलिकोनियसच्या अळ्या एकमेकींना खातात, त्यामुळे आधीच अंडं असलेल्या पानावर मादी सहसा अंडं घालत नाही. या वेलींच्या पानांवर, देठांवर पिवळे ठिपके असतात, हुबेहूब अंड्यांसारखे. मादी बघते आणि निघून जाते.

आणि कोवळ्या शेंड्यावर मुंग्या घुटमळताना दिसल्या तर मावा समजून सोडून देऊ नका. निळ्या फुलपाखरांच्या कुळातल्या अनेक अळ्या मुंग्यांना गोड स्राव देतात आणि त्या बदल्यात मुंग्या त्यांची राखण करतात. अळी पानाच्या रंगाची आणि चपटी, त्यामुळे मुंग्याच आधी दिसतात.

खुळखुळ्याच्या झुडपावर टायगर आणि क्रो नावाच्या फुलपाखरांच्या नरांची झुंबड दिसली तर तीही मकरंदासाठी नसते. सुकत चाललेली पानं, शेंगा खरवडून ते त्यातली अल्कलॉइड, म्हणजे कडू विषारी द्रव्यं, शोषून घेतात. माद्यांना आकर्षित करणारा गंध त्यातून बनतो आणि शत्रूंपासून संरक्षणही मिळतं.

दुर्बीणवाली

@वेलबुट्टी, मुंग्यांची खूण आजच वापरून बघते.

एक विनंती सगळ्यांना. दुर्मीळ फुलपाखराची, विशेषतः बर्डविंग या मोठ्या फुलपाखरांची नेमकी जागा उघडपणे लिहू नका. या फुलपाखरांचं वेड जुनं आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गअभ्यासकाने १८५९ साली इंडोनेशियातल्या बाचान बेटावर सोनेरी बर्डविंग जाळ्यातून बाहेर काढलं तेव्हा त्याचं काळीज धडधडू लागलं होतं आणि दिवसभर डोकं दुखत राहिलं, असं त्यानेच लिहून ठेवलंय. पापुआ न्यू गिनीतलं क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग, जगातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू, १९०६ साली पहिल्यांदा हाती आलं ते बंदुकीने पाडून. ते इतकं उंच उडतं. आज त्याचं जंगल आकसलं आहे, ते साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे देशादेशांतल्या व्यावसायिक खरेदी-विक्रीला बंदी. बाकीची बर्डविंग दुसऱ्या परिशिष्टात, नियंत्रणाखाली. तरी चोरटी मागणी आहेच. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींची जागा आपोआप पुसट केली जाते. धाग्यात लिहिताना ते काम आपणच करायचं.

नवखा

धागा वर काढतोय. काल जाऊन आलो.

सकाळी ओढ्यावर दोन तास बसलो. पहिल्या पंचवीस मिनिटांत काहीच आलं नाही आणि उठावंसं वाटलं. मग एक पिवळं उतरलं. मी हललो नाही. तासाभरात तिथे एकवीस होती, त्यात तीन ब्लूबॉटल. पाण्याचा थेंब मागून टाकताना मी डोळ्यांनी पाहिलं! एक लहानसं निळं बराच वेळ माझ्या मनगटावर बसून होतं. सोंडेचा स्पर्श इतका हलका की बघितलं नसतं तर कळलाच नसता.

संध्याकाळी सांजपाखरूंचं ऐकून थांबलो. वाटेवर पाचोळ्यातलं एक पान उडालं आणि चार हातांवर पुन्हा पान होऊन पडलं. तीन वेळा असं झालं. फोटो एकच धड आलाय, पंख मिटलेला. तपकिरी, बारीक रेघोट्या, कडेला डोळ्यांसारख्या ठिपक्यांची ओळ. हेच का ईव्हनिंग ब्राऊन? धाग्यांमधल्या फोटोंत मात्र ठिपके नसलेलं, अगदी सुकल्या पानासारखं दाखवलंय, म्हणून गोंधळलो.

सांजपाखरू

वर्णनावरून तेच. याची दोन ऋतूंची दोन रूपं असतात. कोरड्या दिवसांत बाहेर पडणाऱ्या पाखरांना ठिपके जवळजवळ नसतात, सुकलेल्या पाचोळ्यात तेच सोयीचं. ओल्या दिवसांतल्यांना ठळक डोळे असतात. पुढच्या पंखाचं टोक बघा, कोयत्यासारखं बाहेर आलेलं आहे का? आणि मागच्या पंखाला लहानशी शेपटी?

नवखा

फोटो मोठा करून बघितला. टोक आहे, शेपटीही आहे. डोळे मोजले, मागच्या पंखावर सहा.

पायवाट

वहीत लिही. तारीख, वेळ, आणि पाचोळ्यातली ती जागासुद्धा.